शनिवारची अर्धी जेली

यंदाच्या वैद्यकीय तपासणीत रक्त, साखर, कान आणि डोळे यांच्याबरोबर लघवीत अमली पदार्थ आहेत का तेही बघणार, असं कारखान्याचं कर्मचारी-खातं सांभाळणाऱ्या ऑड्रा मॅडमनी कॅन्टीनमध्ये जाहीर केलं तेव्हा कर्ट पेत्रीचकाच्या तोंडात कॉफीचा घोट होता. तो त्याने गिळला खरा, पण भलत्याच नळीत. मग बराच वेळ तो खोकत राहिला आणि बाजूच्या टेबलावरचे दोघे त्याची पाठ थोपटत राहिले. खोकताखोकता त्याने चेहरा शक्य तितका निर्मळ ठेवला. ठसका लागलेल्या माणसाचा चेहरा कितीही प्रयत्न केला तरी निर्मळ दिसत नाही, पण तिथे आरसा नव्हता, त्यामुळे ते त्याला कळलं नाही.

"नव्या मालकांचा नियम आहे," ऑड्रा मॅडम म्हणाल्या. "दोन आठवड्यांनी सोमवारी. कोणाला काही शंका असेल तर माझ्या केबिनमध्ये या, निवांत बोलू."

नवे मालक वाळवंटातल्या ॲरिझोनाचे. गोठलेल्या तळ्यावर बसून मासे धरणाऱ्यांसाठी चाकांवरच्या खोल्या बनवायचा हा कारखाना त्यांनी विकत घेतला होता, आणि बर्फ त्यांनी आजवर फक्त ग्लासात बघितला होता. त्यांचा ट्रेंट नावाचा एक तरुण साहेब इथे येऊन राहिला होता. तो ऑक्टोबरातच कानटोपी घालून हिंडायचा.

आता शंका म्हणाल तर कर्टकडे शंकांचा नुसता ढीग होता. पण न्यू लीपा गावात, आणि एकूण मिनेसोटातच, माणूस शंका विचारत नाही. शेजाऱ्याच्या घराला आग लागलेली दिसली तरी इथला माणूस आधी हवापाण्याचं बोलेल, मग म्हणेल, तुमच्याकडे आज जरा उबदार वाटतंय. तेव्हा मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन 'लघवीत नेमकं काय काय बघणार हो' असं विचारणं म्हणजे आपणहून हात पुढे करून बेड्या घालून घेणंच झालं. कर्ट गेला नाही. कोणीच गेलं नाही. सगळ्यांनी आपापल्या कॉफीत बघितलं आणि यंदा थंडी लवकर पडणार यावर एकमत केलं.

कर्टचा गुन्हा एवढाच की तो दर शनिवारी संध्याकाळी गांजाची अर्धी जेली खायचा. रासबेरीच्या चवीची, चौकोनी, पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडी मोठी. ती गावातल्या बिअरच्या दुकानात गल्ल्याशेजारी उघडउघड मिळायची. दुकान कायदेशीर, जेली कायदेशीर, खाणंही कायदेशीर. ती मुळात आणली होती बायकोसाठी. लोरेनचा उजवा खुबा वर्षभर झिजत चालला होता आणि रात्री झोप लागत नव्हती. पण लोरेन म्हणाली, "एकटीने खायला मला बरं नाही वाटत, गर्दुल्ल्यासारखं वाटतं." म्हणून कर्ट सोबतीला अर्धी घेऊ लागला. मग दोघं सोफ्यावर बसून टीव्हीवर बागकामाचा कार्यक्रम बघत आणि त्यातल्या माणसाच्या टोपीवर अर्धा तास हसत. चाळीस वर्षांच्या संसारात इतकं हसणं या आधी एकदाच झालं होतं, कर्टचा भाऊ लग्नात स्टेजवरून पडला तेव्हा.

गंमत इथवर ठीक होती. पण लोरेनच्या खुब्याचं ऑपरेशन डिसेंबरात ठरलं होतं आणि त्याचा सगळा खर्च उचलणार होता कर्टच्या नोकरीबरोबर मिळालेला विमा. नोकरी गेली की विमा गेला. विमा गेला की ऑपरेशन गेलं. आणि एकसष्ट वर्षांच्या, खरेदीखात्यात जन्म घालवलेल्या, 'गांजेकस' म्हणून काढून टाकलेल्या माणसाला नवी नोकरी कोण देतो, हा विचार कर्टने सुरू केला आणि अर्ध्यावरच सोडून दिला.

"आजपासून बंद," त्याने घरी येऊन सांगितलं.

"तू कर बंद," लोरेन म्हणाली. "माझी लघवी कोणी मागितलेली नाही."

"तू खा. मी नुसता बसेन."

त्या शनिवारी तो नुसता बसला. टीव्हीवरच्या माणसाची टोपी त्याला साधी टोपी वाटली.

बंद करून भागतं का, हे विचारायला तो मेहुण्याकडे गेला. लोरेनचा भाऊ लायल याचं तळ्याकाठी मासेमारीच्या आमिषाचं दुकान होतं, आणि ज्या विषयात आपल्याला काही कळत नाही असा विषय त्याला आजवर भेटला नव्हता. कर्टने अर्थातच स्वतःचं नाव घेतलं नाही. एका मित्राची अडचण आहे म्हणाला.

"मित्राचं वय?" लायलने विचारलं.

"असेल माझ्याएवढं."

"पोट?"

"असेल माझ्याएवढं."

"दाजी," लायल खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "मित्राला म्हणावं, हे प्रकरण साधं नाही. हा माल रक्तात नाही राहत, चरबीत जाऊन बसतो. घर करतो तिथे. तुम्ही नुसतं खायचं थांबवलं तर तो आत बसून हसतो तुम्हाला. चरबी जाळायची, घाम काढायचा, आणि जे वितळून सुटेल ते पाण्याने धुवून काढायचं. क्रॅनबेरीचा रस, लोणच्याच्या बरणीतलं पाणी, आणि ही माझी हिरवी पूड."

"कसली पूड आहे?"

"त्यात न पडलेलं बरं," लायल म्हणाला. त्या पुडीला माशांच्या खाद्याचा वास येत होता. ती त्याच फळीवर ठेवलेली होती.

झालं. दुसऱ्या दिवसापासून कर्ट पहाटे धावायला लागला. कर्ट शाळेत असताना एकदा बसमागे धावला होता, त्यानंतर हा पहिलाच प्रसंग. नोव्हेंबर म्हणजे हरणांच्या शिकारीचे दिवस, जंगलाकडच्या रस्त्यावर भडक नारिंगी घातलं नाही तर कोणी हरीण समजून गोळी घालायचं. म्हणून त्याने शिकारीचं नारिंगी जाकीट चढवलं, नारिंगी टोपी चढवली, आत घाम यावा म्हणून प्लास्टिकची कचऱ्याची पिशवी गुंडाळली आणि निघाला. धावताना पिशवी चुर्रचुर्र वाजायची. पहिल्याच वळणावर शेजारी गाडी थांबली आणि खिडकीतून शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक बाहेर बघू लागले.

"हवा बरी आहे आज," मुख्याध्यापक म्हणाले.

"बरी आहे," कर्ट धापा टाकत म्हणाला.

"कुठे सोडू का?"

"नको, नको. घरीच चाललोय."

"घर मागे राहिलं," मुख्याध्यापक म्हणाले, आणि पुढे काहीही न विचारता निघून गेले. त्यांनी कर्टला विचारलं नाही याचा अर्थ त्यांनी बाकी सगळ्यांना विचारलं.

न विचारणाऱ्या गावात बातमी फिरायची एक वेगळीच पद्धत असते. बेकरीत एकजण म्हणाला, कर्ट बारीक होतोय. पोस्टात कोणी म्हणालं, सकाळी बघितलं तर चेहरा लालबुंद आणि श्वास लागलेला. लोरेनने दुकानातून क्रॅनबेरीच्या रसाचे सहा कॅन एकदम नेले हे गल्ल्यावरच्या मुलीने सांगितलं, आणि क्रॅनबेरी लघवीच्या त्रासावर पितात हे गावातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. कारखान्यात कर्ट दर तासाला संडासात पळायचा. सगळ्यांनी दोन आणि दोन मिळवून पाच केले. गुरुवारपर्यंत कर्टच्या मूत्रपिंडाला काहीतरी गंभीर झालं होतं आणि रविवारी चर्चमध्ये फादरनी आजाऱ्यांसाठी प्रार्थना केली तेव्हा मिसेस सोबोट्का यांच्या पित्ताशयानंतर लगेच कर्ट पेत्रीचकाचं नाव आलं.

कर्ट बाकावर बसलेला होता. त्याने आपलं नाव ऐकलं आणि मान वळवून दुसरा कोणी कर्ट पेत्रीचका मागे बसलाय का ते पाहिलं. सगळं चर्च त्याच्याकडे मायेने बघत होतं. उठून 'मला काहीही झालेलं नाही' म्हणावं, तर मग धावतोस कशाला याचं उत्तर द्यावं लागलं असतं. तो नुसता मान खाली घालून बसला, आणि ती नम्रता बघून पुढच्या बाकावरच्या दोघींनी डोळे पुसले.

सोमवारपासून घरी हॉटडिश यायला लागल्या. मिनेसोटात माणूस आजारी पडला की त्याच्या दारात भांडं येतं. खाली खिमा, मध्ये मशरूमचं घट्ट सूप, वर बटाट्याच्या तळलेल्या गोळ्या, आणि त्यावर चीज, कारण आजाऱ्याला ताकद यायला हवी. चरबी जाळायला निघालेल्या माणसाच्या ओट्यावर सहा भांडी झाली, फ्रीज भरला, पायरीवर दोन भांडी थंडीत तशीच राहिली. भांड्यांखाली पट्टीवर नावं लिहिलेली, म्हणजे परत करायची तीही धुवून, आणि परत करताना चव कशी होती ते सांगायला हवं, म्हणजे खायलाही हवं. एका भांड्याला तर ओव्हनचा हातमोजा लावून दिला होता, तोही परत करायचा.

"तुझ्या आजारपणात माझं वजन वाढतंय," लोरेन म्हणाली. तिचं लंगडणं त्या आठवड्यात जरा जास्तच झालं होतं. कर्टने विचारलं की ती म्हणायची, चाललंय.

तपासणीच्या आदल्या दिवशी, रविवारी, चर्चचं कोलाचीचं जेवण. न्यू लीपा मुळात चेक शेतकऱ्यांचं गाव. पणज्यांबरोबर भाषा गेली, आडनावांचे उच्चारही गेले, पण कोलाची राहिली. मऊ पावाचा गोळा, मध्ये अंगठ्याने खड्डा, खड्ड्यात सारण. सारण जर्दाळूचं असेल, आलुबुखाराचं असेल, पण खरा न्यू लीपाचा माणूस घेतो ती खसखशीची. खसखस दुधात आटवून, साखर घालून, काळीकुट्ट, खड्ड्यातून वर आलेली. या रविवारी सगळं गाव एका दालनात बसतं आणि पट्टे सैल करून खातं. दोन आठवडे ताट सोडून उठणारा कर्ट तिथेही एक उकडलेलं गाजर घेऊन कोपऱ्यात उभा राहिला.

तिथे त्याला मार्लिसबाई तुपा यांनी गाठलं. तुपा हे आडनाव, बाकी तुपाचा आणि त्यांचा संबंध इतकाच की त्या सगळ्या गोष्टीत लोणी सढळ हाताने घालत. वय अठ्ठ्याहत्तर, शेजारी राहायच्या, आणि गावात खसखशीचं सारण त्यांच्याइतकं दाट कोणी भरत नसे. हातात ताट होतं.

"कर्ट, मुद्दाम तुझ्यासाठी केल्यात. दुप्पट सारण आहे."

"राहू द्या, मार्लिसबाई. पोट भरलंय."

"एखादी घे."

"खरंच नको. तुम्हाला उगीच त्रास."

इथे सांगायला हवं की मिनेसोटात पहिला नकार म्हणजे नमस्कार, दुसरा नकार म्हणजे आभार. तिसऱ्यांदा आग्रह झाला की घ्यायचं असतं. तिसऱ्यांदा नको म्हणणं म्हणजे समोरच्याच्या हाताला चव नाही असं तोंडावर सांगणं, आणि त्यावरून या गावात दोन घरांचं बोलणं तीन पिढ्या बंद आहे.

"अरे, आजाऱ्याने खावं," मार्लिसबाई तिसऱ्यांदा म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. "तुझ्या आईलाही मीच भरवल्या होत्या शेवटी."

कर्टने खाल्ली. मग त्यांच्या समाधानासाठी दुसरी खाल्ली. दोन आठवड्यांची भूक जागी झाली आणि तिसरी त्याने स्वतःसाठी खाल्ली. उरलेल्या मार्लिसबाईंनी कागदात बांधून त्याच्या गाडीत ठेवल्या. चरबीचं जे व्हायचं ते होवो, असं म्हणून त्याने शांतपणे हात चाटला. गांजा तर नव्हता ना त्यात.

सोमवारी सकाळी तो दवाखान्यात पोचला तेव्हा त्याच्या पोटात इतकं पाणी होतं की चालताना आवाज यायचा. तिथली नर्स रोबर्टा शाळेत त्याच्या एक वर्ष पुढे होती.

"तुझं ऐकलं मी," ती हळू आवाजात म्हणाली. "धीर सोडू नको."

तिने त्याला कप दिला. संडासात नळाला चिकटपट्टी लावलेली, भांड्यातलं पाणी निळं केलेलं, म्हणजे कोणी त्यातलं पाणी कपात भरू नये. आपल्यावर एवढा अविश्वास बघून कर्टला लागलं. तीस वर्षं या कंपनीसाठी त्याने खिळ्याखिळ्याचा भाव केला होता आणि आज ती कंपनी कपातलं ताजंच आहे ना म्हणून त्याचं तापमान बघत होती. कप त्याने भरून दिला. रोबर्टाने तो उजेडात धरला.

"कर्ट, हे काय आहे?"

"काय म्हणजे? माझंच आहे."

"यातून पलीकडचं कॅलेंडर वाचता येतंय. हे इतकं पातळ घेत नाहीत, वरून परत पाठवतात. मग त्यांना वाटतं माणूस काहीतरी लपवतोय. जा, पाणी बंद, पोटात काहीतरी घाल आणि जेवणानंतर ये."

'काहीतरी लपवतोय' हे ऐकून कर्ट तिथून जवळजवळ पळालाच. तो गाडीत येऊन बसला. गाडीत खायला काय होतं, तर मागच्या सीटवरचं कागदी पुडकं. त्यातल्या सगळ्या कोलाची त्याने एकामागून एक खाल्ल्या, चावत, विचार करत, अगदी कर्तव्य म्हणून. दुपारी त्याने दिलेला कप रोबर्टाने उजेडात धरला आणि समाधानाने मान हलवली.

"हा बघ, याला म्हणतात कप."

गुरुवारी फोन आला. कर्ट तेव्हा गोदामात स्क्रूची खोकी मोजत होता. निकाल बघणारे कोणी डॉक्टर सेल्डन मिनियापोलिसहून बोलत होते.

"मिस्टर पेत्रीचका, तुमच्या नमुन्यात एक गोष्ट आढळली आहे. त्याबद्दल तुमच्याशी..."

"फक्त अर्धी," कर्ट म्हणाला.

"काय अर्धी?"

"जेली. शनिवारची. रासबेरीची. दुकानातून घेतलेली आहे, रीतसर. आणि दोन आठवडे तीही नाही. मुळात ती बायकोसाठी आणली होती. नाही, बायकोला यात ओढू नका, तिचा काही संबंध नाही. दोन्ही अर्ध्या मीच खात होतो."

पलीकडे डॉक्टरांनी एक दीर्घ श्वास घेतला. हा श्वास त्यांनी त्या सकाळी बऱ्याचदा घेतला असावा असं कर्टला उगीचच वाटलं.

"गांजाचं मी विचारलेलंच नाही. तुमच्यासारख्या नोकरीत तो आता तपासायचाच नाही, असा राज्याचा कायदा झालाय. आम्ही बघतही नाही."

कर्ट खोक्यावर बसला. लोणच्याचं पाणी, कचऱ्याची पिशवी, माशांचं खाद्य, फादरची प्रार्थना, सगळं त्याच्या डोळ्यांसमोरून एक फेरी मारून गेलं.

"तुमच्या नमुन्यात मॉर्फीन आहे," डॉक्टर म्हणाले. "अफूतून येतं ते."

"अफू," कर्ट म्हणाला.

"तर मला एवढंच विचारायचंय की तुमच्या खाण्यात..."

कर्टने फोन ठेवून दिला. भीतीने त्याच्या हातून ते आपोआप झालं.

तिथून तो तडक लायलच्या दुकानात गेला. इतक्या वर्षांत तो मेहुण्याशी आवाज चढवून बोलला नव्हता.

"काय पाजलंस मला? अफू पाजलीस?"

"कोणाला, दाजी? मित्राला म्हणायचंय का तुम्हाला?"

"मित्र खड्ड्यात गेला. त्या हिरव्या पुडीत काय आहे?"

लायलचा चेहरा उतरला. मग तो ज्या आवाजात बोलला त्या आवाजात कर्टने त्याला आजवर ऐकलं नव्हतं. "शेवाळ आहे वाळवलेलं. गेल्या वर्षी माशांसाठी मागवलं होतं. माशांनी खाल्लं नाही." आणि खात्रीसाठी त्याने एक चमचा पूड स्वतःच्या तोंडात टाकली आणि नंतर बराच वेळ दुकानाच्या मागच्या दाराबाहेर उभा राहिला. कर्टला त्याची दयाच आली.

घरी लोरेनने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "अफू तुला कुठून मिळणार," ती म्हणाली. "तुला दुकानात कोथिंबीरसुद्धा सापडत नाही." मग ती वॉकरला धरून उठली, भांडी आवरायला लागली, आणि पाठमोरी होऊन म्हणाली, "ऑपरेशनचं काय, वसंतात करू. किंवा पुढच्या वर्षी. मला काही घाई नाही." कर्टने स्पंज उचलला. तो हॉटडिशचं एक भांडं घासत राहिला. ते आधीच स्वच्छ होतं.

शुक्रवारी सकाळी सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बोलावलं. खरेदीखातं, हिशेबखातं, सुतार, रंगारी, वेल्डर, सगळे. ट्रेंट साहेब कानटोपी घालून टेबलावर चढला होता आणि बाजूला ऑड्रा मॅडम पांढऱ्याफटक चेहऱ्याने उभ्या होत्या.

"मी सरळ बोलतो," ट्रेंट म्हणाला. ॲरिझोनात सरळ बोलतात. "आमच्या सगळ्या कारखान्यांत मिळून दहा वर्षांत जेवढी अफू सापडली नाही तेवढी या एका गावात एका सोमवारी सापडलीय. इथे बसलेल्यांपैकी एक सोडून सगळे. एक सोडून. मुख्य कचेरीतून विचारणा झाली आहे की हे गाव नकाशावर आहे का, आणि पोलिसांना ठाऊक आहे का. खुलासा होईपर्यंत सोमवारपासून सगळे घरी. पगार बंद, विमा बंद."

कर्टने हळूच इकडेतिकडे पाहिलं. हिशेबखात्याची डोरीन जमिनीकडे बघत होती. रंगाऱ्यांचा मुकादम छताकडे बघत होता. कालपासून आपणच एकटे नरकात जाणार असं कर्टला वाटत होतं, आणि इथे तर सगळी बस भरलेली होती.

"आणि तो एक," ट्रेंट म्हणाला, "इथे येऊ दे. कोल्बी. उभा राहा. सगळ्यांनी याच्याकडे बघा."

सगळ्यांनी बघितलं. वेल्डर कोल्बी उभा राहिला. कोल्बी संध्याकाळी कारखान्यातून सुटला की आपल्या गाडीत बसून जो धूर करायचा त्या धुरावरून लोक घड्याळं लावायचे.

"मित्रा, तू काय करतोस ते यांना सांग," ट्रेंट म्हणाला. "कसा राहतोस इतका स्वच्छ?"

"मी?" कोल्बी म्हणाला. त्याने प्रामाणिकपणे विचार केला. "काही खास नाही, साहेब. मी तर रोज संध्याकाळी..."

"संध्याकाळचं नको," ऑड्रा मॅडम घाईघाईने म्हणाल्या. "रविवारचं सांग. रविवारी काय केलंस?"

"सगळ्यांनी केलं तेच. चर्चमध्ये जेवलो. फक्त मला खसखस चालत नाही, दातात अडकते. मी आलुबुखाराच्या खाल्ल्या."

कर्टच्या डोक्यात काहीतरी वळवळलं. डॉक्टरांचा अर्धा राहिलेला प्रश्न, 'तुमच्या खाण्यात'. मार्लिसबाईंचं दुप्पट सारण. गाडीत कर्तव्य म्हणून खाल्लेलं पुडकं. आपल्या गावाबाहेरच्या जगात खसखस ज्या बोंडातून येते त्या बोंडाचं दुसरं काय काय करतात, हे त्याला अचानक आठवलं. त्याचे कान तापले. विचारावं असं वाटलं, आणि जन्माची सवय म्हणाली, बस खाली, कोणीतरी विचारेल. कोणी विचारणार नव्हतं. इथे बसलेला प्रत्येकजण दुसरा कोणीतरी विचारेल म्हणून थांबला होता, आणि तसाच थांबून विमा घालवून बसला असता. कर्टला सोफ्यावरून उठताना ओठ दाबून धरणारी लोरेन आठवली.

तो उभा राहिला.

"मला एक विचारायचंय," तो म्हणाला.

सगळं कॅन्टीन वळलं. या कॅन्टीनमध्ये हे वाक्य पूर्वी कोणी उच्चारल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

"रविवारी खसखशीची कोलाची कोणी कोणी खाल्ली? हात वर करा."

आधी डोरीनचा हात वर गेला. मग मुकादमाचा. मग सगळ्यांचे. कर्टनेही केला. शेवटी ऑड्रा मॅडमनी हळूच आपला हात वर केला आणि ट्रेंटकडे न बघता म्हणाल्या, "माझाही आलाय निकाल. तुम्ही अजून माझी फाईल उघडली नसेल."

"खसखस म्हणजे काय?" ट्रेंट म्हणाला.

मॅडमनी उत्तर द्यायच्या आधी डॉक्टर सेल्डनना फोन लावला आणि आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला. खसखस हा शब्द ऐकल्याबरोबर डॉक्टर असे बोलायला लागले जसं त्यांना दोन दिवस कोणी बांध घालून अडवलं होतं.

"तेच तर विचारत होतो मी. एकेकाला. 'तुमच्या खाण्यात खसखस आली होती का', एवढाच प्रश्न. पण एकजण मला तेवढं वाक्य पुरं करू देईल तर शपथ. मी 'एक गोष्ट आढळली' म्हटलं की पलीकडून कबुलीजबाब सुरू. मला गांजाची जेली सांगतात. रासबेरीची, आंब्याची, पुदिन्याची. शनिवारची अर्धी, शुक्रवारची चतकोर, एकाने तर वाढदिवसाला पूर्ण. एक बाई रडल्या. मी मुळात गांजा बघतच नाही. नावं मी कोणाची सांगणार नाही, पण सगळे. सगळ्यांनी सांगितलं आणि फोन आपटले."

मग कर्टच्या शेजारी बसलेल्या डोरीनने तोंडावर हात धरला आणि तिच्या बोटांमधून एक बारीक आवाज निसटला. "आंब्याची," ती कोणाला तरी म्हणाली. पलीकडून मुकादम म्हणाला, "तू पण?" आणि बघताबघता या टोकापासून त्या टोकापर्यंत जी खसखस पिकली ती काही आवरेना. लोक एकमेकांच्या पाठी थोपटत होते. लोणच्याचं पाणी कोणी कोणी प्यायलं त्याची चौकशी सुरू झाली, आणि तेव्हा कळलं की लायलची हिरवी पूड गावात चांगलीच खपली होती. प्रत्येकाने मित्रासाठी नेली होती.

एकटा कोल्बी गोंधळून उभा होता. "मला फोनच नाही आला," तो म्हणाला. "मी सांगितलं असतं."

ट्रेंटने टोपी काढली. त्याचे कान लाल झाले होते. त्याने कोणाला तरी फोन केला, बरंच ऐकून घेतलं, आणि मग म्हणाला की सगळ्यांची तपासणी पुन्हा, खसखस न खाता, आणि तोवर कोणी घरी जाणार नाही, पगार चालू, विमा चालू. मग तो टेबलावरून उतरला आणि हलक्या आवाजात डोरीनला विचारलं की ही कोलाची मिळते कुठे.

कर्ट बाहेर आला आणि गाडीत बसला. पार्किंगमध्ये बर्फ भुरभुरायला लागला होता. त्याने घरी फोन लावला.

"लोरेन, नोकरी आहे. विमा आहे. तारीख तीच, डिसेंबरातली."

पलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. कितपत दुखतंय म्हणून वर्षभर डॉक्टरने विचारलं, फादरने विचारलं, कर्टने विचारलं, तरी लोरेन हसून विषय बदलायची. कर्टही 'चाललंय' एवढ्यावर समाधान मानून वर्तमानपत्र उघडायचा.

"लोरेन? ऐकतेयस ना? बरी आहेस ना तू?"

"नाही रे," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "फार दुखतं, कर्ट. काल म्हटलं ना मी घाई नाही, तेव्हा ओट्याला धरून उभी होते. रोज असंच असतं."

कर्टला गाडी सुरू करायचं सुचेना.

"कुठे दुखतं? नीट सांग मला," तो म्हणाला. "सगळं सांग."

मग ती सांगत राहिली, जिना चढताना कुठे आणि उतरताना कुठे, कुशीवर वळताना काय होतं, मोजा घालायला किती वेळ लागतो. तो काचेवर साठणारा बर्फ न पुसता तसाच बसून विचारत राहिला.